टाकीचा तळ: नेव्हाडातल्या क्रेसेंट ड्यून्स सौर-औष्णिक प्रकल्पाचं प्रकरण

लास व्हेगासहून रीनोकडे निघालं की साधारण निम्म्या वाटेवर टोनोपाह लागतं. एकेकाळी चांदीच्या खाणींवर जगलेलं नेव्हाडातलं छोटं गाव. तिथून वीसेक किलोमीटरवर वाळवंटात १९५ मीटर उंच मनोरा उभा आहे आणि त्याच्याभोवती गोलाकार मांडलेले १०,३४७ आरसे. हा क्रेसेंट ड्यून्स प्रकल्प. २०१५ मध्ये तो वीज देऊ लागला, तेव्हा सूर्य मावळल्यावरही दहा तास पूर्ण क्षमतेने, म्हणजे ११० मेगावॉटने चालू शकेल असा एवढा मोठा मनोरा-प्रकल्प जगात दुसरा नव्हता. २०१९ मध्ये त्याचा एकुलता एक ग्राहक सोडून गेला. २०२० मध्ये प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

या प्रकरणावर दोन निकाल झटपट दिले गेले. एका बाजूने म्हटलं, सरकारी पैशावरची चैन होती, बुडणारच होती. दुसऱ्या बाजूने म्हटलं, तंत्रज्ञान उत्तम होतं, पण स्वस्त सौर पॅनेलांनी त्याचा गळा घोटला. आकडे समोर ठेवले की दोन्ही निकाल अर्धवट वाटतात. ऊन कमी पडलं नव्हतं, आणि पॅनेलांचा दर हा प्रकल्पाचा पहिला आजारही नव्हता. दिवसाची उष्णता वितळलेल्या मिठात साठवणाऱ्या एका पोलादी टाकीच्या तळाला चीर गेली. ती चीर पोटात घालायला ना करारात जागा होती, ना कर्जाच्या हप्त्यांत. माझ्या मते प्रकरणाचं मूळ इथे आहे.

कागदावरचा हिशेब

आरशांच्या प्रकल्पाला वाळवंटच का लागतं, हे आधी पाहू. सौर पॅनेल ढगाळ, धुरकट, विखुरलेल्या प्रकाशातही थोडीफार वीज देतं. आरशाचं तसं नसतं. किरण थेट एका दिशेने आला तरच तो मनोऱ्याच्या टोकावर नेमका फेकता येतो. पातळसा ढगही काम बिघडवतो. त्यामुळे कोरडी हवा, उंचावरचं पठार आणि स्वच्छ आभाळ हाच इथला कच्चा माल. टोनोपाहजवळ तो भरपूर आहे: सूर्याकडे तोंड करून ठेवलेल्या एक चौरस मीटरवर वर्षाला सुमारे २,७०० युनिट थेट ऊन पडतं.

एका आरशाचं क्षेत्रफळ सुमारे ११६ चौरस मीटर. सगळ्यांचं मिळून जवळपास १२ लाख चौरस मीटर. म्हणजे वर्षाला ३२० कोटी युनिटांइतकं ऊन. त्यातून वीज किती मिळेल असं सांगितलं होतं? ५० कोटी युनिट. हे प्रमाण १५-१६ टक्के पडतं. आरसे बहुतेक वेळ तिरपे असतात, काही प्रकाश हुकतो, मनोऱ्यावरून उष्णता निसटते, आणि वाफेवरचं टर्बाइन उष्णतेच्या साधारण चाळीस टक्केच विजेत बदलतं. हे सगळं वजा केलं तरी १५ टक्क्यांचा दावा अवास्तव ठरत नाही.

साठवणुकीचा हिशेबही असाच बसतो. प्रकल्पात ३२,००० टनांच्या आसपास मीठ आहे. स्वयंपाकातलं नव्हे, ६० टक्के सोडियम नायट्रेट आणि ४० टक्के पोटॅशियम नायट्रेट यांचं मिश्रण, जे वितळलं की पाण्यासारखं वाहतं. २८८ अंश सेल्सिअसचं मीठ पंपाने मनोऱ्यावर चढवायचं, तिथे आरशांच्या झोतात ५६५ अंशांपर्यंत तापवायचं आणि खाली गरम टाकीत सोडायचं. वीज हवी तेव्हा त्या मिठावर वाफ करायची, टर्बाइन फिरवायचं आणि निवलेलं मीठ परत थंड टाकीत. (२८८ अंशांच्या टाकीला ‘थंड’ म्हणायचं, हा या धंद्यातला रिवाज.) मिठाच्या प्रत्येक किलोला अंशामागे दीड किलोज्यूल धरले, तर एवढ्या मिठात ३,७०० मेगावॉट-तासांची उष्णता मावते. टाकीच्या तळाशी मिठाचा एक थर कायम ठेवावाच लागतो. तो सोडला तरी दहा तासांची, म्हणजे १,१०० मेगावॉट-तास वीज निघेल हे गणित आरामात सुटतं. नीट वेष्टन केलेल्या टाकीतून उष्णता फारच हळू झिरपते, त्यामुळे दुपारचं ऊन मध्यरात्री वापरणं ही इथे अडचणच नाही.

म्हणजे भौतिकशास्त्राने दगा दिलेला नाही.

सहीची घाई

या पद्धतीचा पूर्वेतिहास अमेरिकेतलाच. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात बार्स्टोजवळ सोलर टू नावाचा १० मेगावॉटचा प्रायोगिक प्रकल्प १९९६ ते १९९९ चालला. मीठ, मनोरा, दोन टाक्या, सगळं त्यात होतं. मग तो बंद केला गेला आणि पुढची बारा वर्षं त्या देशात त्या मापाचंही काही उभं राहिलं नाही. २०११ मध्ये स्पेनमध्ये सेव्हिलजवळ जेमासोलर सुरू झाला: १९.९ मेगावॉट, पंधरा तासांची साठवण. त्याने त्याच वर्षी सलग चोवीस तास वीज देऊन दाखवली.

यानंतरची पायरी थेट ११० मेगावॉटची. २००७ मध्ये स्थापन झालेल्या सोलररिझर्व्ह या कंपनीकडे रॉकेट इंजिनं बनवणाऱ्या रॉकेटडाइनचं तंत्रज्ञान होतं, आणि प्रचंड उष्णतेचा मारा सोसणाऱ्या पातळ नळ्यांचा अनुभव त्या मंडळींना खरोखरच होता. पैसा मात्र ज्या वाटेने आला, तिने पुढचं बरंच काही ठरवलं. २००९ च्या आर्थिक पॅकेजमधली ऊर्जा खात्याची कर्जहमी योजना ३० सप्टेंबर २०११ ला संपत होती. क्रेसेंट ड्यून्सची ७३ कोटी ७० लाख डॉलरची कर्जहमी पक्की झाली ती अगदी शेवटच्या दिवसांत. त्याच महिन्याच्या सुरुवातीला सोलिंड्रा ही पॅनेल कंपनी ५३ कोटी ५० लाख डॉलरची हमी घेऊन दिवाळखोरीत गेली होती आणि वॉशिंग्टनमध्ये त्यावरून रान पेटलं होतं. सेनेटमधले बहुमताचे नेते हॅरी रीड नेव्हाडाचेच, त्यामुळे या हमीकडेही राजकारणाच्या चष्म्यातून पाहिलं गेलं. आपण फसलो असं म्हणायची मुभा त्या वातावरणात कुणालाच नव्हती. प्रयोग म्हणून पैसा मागता येत नव्हता. चालणारा, परतफेड करणारा धंदा म्हणूनच मागावा लागत होता.

वीजखरेदी करार एनव्ही एनर्जी या नेव्हाडातल्या वीज कंपनीशी झाला, पंचवीस वर्षांचा, युनिटला १३.५ सेंट या सुरुवातीच्या दराने. ठरलेली ५० कोटी युनिटं निघाली असती तर वर्षाची विक्री पावणेसात कोटी डॉलर. प्रकल्पाचा खर्च एक अब्ज डॉलरच्या घरात. देखभाल, माणसं, व्याज वजा जाता हातात फार काही उरत नाही. दरवर्षी सगळं ठरल्याप्रमाणे झालं, तरच हे गाडं चालणार होतं. जगात पहिल्यांदा एवढ्या मापाने उभारलेल्या यंत्राकडून पहिल्या दिवसापासून पूर्ण उत्पादनाची अपेक्षा धरून हप्ते ठरवणं, ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. अभियंत्यांनी केलेली नव्हे, टेबलाच्या दुसऱ्या बाजूने केलेली.

पक्षी

जानेवारी २०१५ मध्ये चाचण्या चालू असताना एक प्रकार घडला. मनोऱ्यावर प्रकाश नको असतो तेव्हा आरसे दुसरीकडे रोखून तयार ठेवतात. त्या दिवशी हजारो आरशांचे झोत मनोऱ्याच्या वर हवेत एकाच ठिकाणी रोखले होते. तिथे तेजाचं वलय तयार झालं, पक्षी त्यात शिरले आणि काही तासांत शंभराहून अधिक जळाले. बातमी जगभर गेली. उपाय साधा होता: झोत एका बिंदूवर न रोखता पसरून ठेवायचे. आरसे हलवणाऱ्या संगणकाच्या सूचना बदलल्या आणि हा प्रकार आटोक्यात आला.

वाळवंटातल्या सौर मनोऱ्यांवर बोलताना लोक अजूनही पहिल्यांदा याच घटनेबद्दल विचारतात. प्रकल्पाचं भवितव्य ज्यामुळे ठरलं, त्याचा फोटो निघण्यासारखा नव्हता.

गरम टाकी

सगळं गरम मीठ एकाच टाकीत. टाकीचा व्यास सुमारे ४२ मीटर, उंची १२ मीटर. भिंती आणि तळ स्टेनलेस स्टीलचे, कारण ५६५ अंशांना साधं पोलाद टिकत नाही. तळाखाली उष्णतारोधक थर, त्याखाली पाया.

आता फक्त तळाकडे पाहू. स्टेनलेस स्टील तापलं की पसरतं. साध्या हवेच्या तापमानापासून ५६५ अंशांपर्यंत नेलं, तर ४२ मीटर रुंदीचा तळ सुमारे ४० सेंटिमीटरने वाढतो. त्याला सरकायला वाव असेल तर हरकत नाही. पण वर १२ मीटर मीठ उभं असतं, आणि पाण्याच्या पावणेदोनपट जड अशा त्या मिठाचं ओझं दर चौरस मीटरला वीस टनांच्या घरात जातं. एवढ्या वजनाखाली पत्रा खालच्या थरावर घासला जातो, अडतो. त्यात तापमान सगळीकडे सारखं नसतं. सकाळी प्रकल्प सुरू होताना येणारं मीठ पुरेसं तापलेलं नसतं, ढग गेल्यावर पुन्हा फरक पडतो, टाकी कधी भरलेली तर कधी निम्मी. तळाचा एक भाग पसरू पाहतो, शेजारचा त्याला धरून ठेवतो. पत्रा कुठेतरी फुगतो आणि ताण वेल्डवर येतो. हे रोज घडतं.

अशा टाकीसाठी तयार नियमावलीही नव्हती. तेलाच्या टाक्यांसाठी जगभर वापरलं जाणारं एपीआय ६५० हे मानक, उष्ण द्रवांचं परिशिष्ट धरूनही, २६० अंशांशी थांबतं. ५६५ अंशांना, रोज तापमान वरखाली होणाऱ्या, दाब नसलेल्या महाकाय टाकीचं आरेखन करताना अभियंत्याला दोन-तीन मानकांचे तुकडे जोडून काम भागवावं लागतं. १० मेगावॉटच्या सोलर टू मध्ये टाकी छोटी होती. ही अडचण तिथे इतकी बोचली नाही. माप दहापट झालं तेव्हा तळाचं वागणंच बदललं.

ऑक्टोबर २०१६ मध्ये टाकीला गळती लागली. नळ गळतो तेव्हा व्हॉल्व्ह बंद करून काम उरकता येतं. इथे तसं काहीच शक्य नव्हतं. टाकी रिकामी करायची तर ५६५ अंशांचं मीठ थेट थंड टाकीत ओतता येत नाही, ती टाकी तेवढं तापमान सोसायला बांधलेलीच नसते. म्हणून आधी मीठ निववायचं. फार निवलं तर २२०-२४० अंशांच्या आसपास ते गोठतं आणि जिथे आहे तिथे दगड होऊन बसतं. टाकी रिकामी झाली की ती सावकाश थंड करायची, नाहीतर नव्या चिरा पडतात. मग माणसं आत उतरणार, गोठलेलं मीठ खरवडणार, तळ तपासणार, कापणार, जोडणार. खालच्या थरात मुरलेल्या मिठाचं काय करायचं हा प्रश्न वेगळाच. नंतर पुन्हा सगळं तितक्याच सावकाश तापवायचं. प्रकल्प पुन्हा सुरू झाला तो जुलै २०१७ मध्ये. मधले आठ-नऊ महिने हजारो आरसे, मनोरा, टर्बाइन, सगळं धडधाकट आणि सगळं बसून.

गरम टाकी दोन भागांत असती, म्हणजे अर्ध्या मापाच्या दोन टाक्या असत्या, तर एक दुरुस्तीत असताना दुसरीवर निम्मा प्रकल्प चालवता आला असता. खर्च वाढला असता हे खरं. पण एकच टाकी ठेवून वाचवलेली रक्कम त्या आठ-नऊ महिन्यांच्या बुडालेल्या विक्रीसमोर किती टिकली असती, याचा हिशेब मांडायला फार मोठं डोकं लागत नाही.

दरम्यानच्या काळात

२०१८ हे प्रकल्पाचं त्यातल्या त्यात बरं वर्ष. त्या वर्षी १९ कोटी ६० लाखांच्या आसपास युनिट निघाली, म्हणजे ठरलेल्याच्या चाळीस टक्क्यांहूनही कमी. विक्री पावणेसात कोटींऐवजी अडीच कोटी डॉलरच्या थोडी वर. एप्रिल २०१९ मध्ये टाकी पुन्हा गळली.

तोपर्यंत बाहेरचं जग पार बदललं होतं. २०१५ मध्ये, म्हणजे क्रेसेंट ड्यून्स सुरू झाला त्याच वर्षी, त्याच एनव्ही एनर्जीने लास व्हेगासजवळच्या एका पॅनेल प्रकल्पाची वीज ३.८७ सेंट दराने घेण्याचा करार केला. २०१८ मध्ये ३०० मेगावॉटच्या दुसऱ्या एका पॅनेल प्रकल्पाने २.३८ सेंटांपर्यंत खाली येऊन दाखवलं. पॅनेल रात्री वीज देत नाही, म्हणून ही तुलना पूर्ण न्यायाची नाही. पण ज्या ग्राहकाला रात्रीची हमी म्हणून १३.५ सेंट मोजायचे, त्याला ती हमी मिळतच नसेल, तर करार सोडायला तो निमित्तच शोधत असणार. ऑक्टोबर २०१९ मध्ये एनव्ही एनर्जीने वेळेवर वीज न मिळाल्याचं कारण देऊन करार रद्द केला.

पॅनेलांनी गळा घोटला, या म्हणण्यात तथ्य आहे ते एवढंच. करार पंचवीस वर्षांसाठी बांधलेला होता. बाजारभाव घसरला म्हणून तो आपोआप मोडला नसता. तो मोडण्याचा हक्क गळक्या टाकीने ग्राहकाच्या हातात दिला.

रात्रीच्या विजेचा मुद्दाही पुढे तसा अढळ राहिला नाही. लास व्हेगासच्या ईशान्येला २०२४ मध्ये पूर्ण झालेला जेमिनाय प्रकल्प ६९० मेगावॉट पॅनेलांसोबत १,४१६ मेगावॉट-तासांच्या बॅटऱ्या घेऊन उभा आहे. क्रेसेंट ड्यून्सच्या मिठातून निघणाऱ्या १,१०० मेगावॉट-तास विजेपेक्षा ही साठवण जास्त. अर्थात बॅटऱ्या पूर्ण शक्तीने चारएक तास चालतात, रात्रभर नव्हे. दहा-पंधरा तासांच्या साठवणीत तापलेल्या मिठाचं पारडं अजूनही जड राहू शकतं, कारण तास वाढवायचे तर मीठ आणि टाकी वाढवायची, बाकी यंत्रं तीच राहतात. पण पुन्हा टाकीच.

बिल कोणी भरलं

जुलै २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज झाला. सरकारचं सुमारे ४२ कोटी ५० लाख डॉलर कर्ज बाकी होतं; तडजोडीत २० कोटी ठरले. सोलररिझर्व्ह बाहेर पडली, आणि प्रकल्प बांधणाऱ्या स्पॅनिश एसीएस कोब्राकडे ताबा आला. ऑस्ट्रेलियात पोर्ट ऑगस्टाला सोलररिझर्व्हने १५० मेगावॉटचा असाच मनोरा जाहीर केला होता, तोही पैसा न उभा राहिल्याने २०१९ मध्ये सोडावा लागला. पहिल्या प्रकल्पातून जे शिकायचं ते दुसऱ्यात वापरलं जाईल, ही शक्यता तिथेच संपली. क्रेसेंट ड्यून्स २०२१ मध्ये पुन्हा वीज देऊ लागला, पण मूळ आकड्यांच्या जवळपासही न फिरकता.

दुसरीकडे हेच कसं झालं

चीनच्या गान्सू प्रांतात दुनहुआंगजवळ, गोबीच्या कडेला, एकाच कंपनीने २०१६ मध्ये आधी १० मेगावॉटचा मिठाचा मनोरा चालवला आणि दोन वर्षांनी शेजारीच १०० मेगावॉटचा उभारला. दहापट उडी तिथेही आहेच, पण दोन्हींत अंतर दोन वर्षांचं, आणि माणसं तीच. अमेरिकेत सोलर टू बंद होणं आणि क्रेसेंट ड्यून्सची पायाभरणी यांच्यात बारा वर्षं गेली. एवढ्या काळात आराखडे कपाटात राहतात, पण वेल्डरच्या आणि चालकांच्या हातातलं ज्ञान पांगतं. दुबईत २०२३ च्या शेवटी उद्घाटन झालेल्या प्रकल्पात ७०० मेगावॉट सौर-औष्णिक आहे, त्यापैकी मनोरा फक्त १०० मेगावॉटचा, बाकी ६०० मेगावॉट अनुभवाने पक्क्या झालेल्या पन्हाळीसारख्या वक्र आरशांचा, जिथे तेल तापवतात आणि मिठाचं तापमान बरंच खाली राहतं. शिवाय जोडीला २५० मेगावॉट पॅनेल. दिवसाचं काम पॅनेलांनी, रात्रीचं मिठाने. करार पस्तीस वर्षांचा, ७.३ सेंटांचा. नव्या भागाची जोखीम एकूण प्रकल्पात किती असावी, याचा विचार या मांडणीत स्पष्ट दिसतो.

आणि मोरोक्को. वार्झाझातच्या वाळवंटी पठारावरचा नूर ३ हा १५० मेगावॉटचा मनोरा, साडेसात तासांच्या आसपासची साठवण, बनावट बरीचशी क्रेसेंट ड्यून्सच्या वळणाची. २०२४ च्या सुरुवातीला त्याच्याही गरम टाकीला गळती लागली आणि प्रकल्प कित्येक महिने बंद पडला. बुडालेल्या उत्पन्नाचा अंदाज मालक अ‍ॅक्वा पॉवरने शेअर बाजाराला कळवला. पण नूर ३ एकटा नाही. त्याच आवारात वक्र आरशांचे दोन प्रकल्प आणि एक पॅनेलांचा प्रकल्प वेगळे चालतात, वीज घेणारी संस्था सरकारी आहे, आणि मालकाचे इतर देशांतही अनेक प्रकल्प आहेत. दुखणं तेच होतं. करार मात्र टिकला, कुणी दिवाळखोरीत गेलं नाही, आणि चर्चा प्रकल्प मोडीत काढण्याची न होता टाकी दुरुस्त करण्याची झाली.